शेजारच्या घरी सापडणारा अर्थ
गाण्याच्या पोटात : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण एकनाथांचे विंचवाचे भारूड उलगडले. तिथे फारसे कष्ट पडले नाहीत, कारण चावणारा विंचू म्हणजे काम आणि क्रोध, हे नाथ स्वतःच सांगून टाकतात. आजची गाणी तशी नाहीत. त्यांतली काही वर्षानुवर्षे आपल्या तोंडी आहेत, पण त्यांचा अर्थ कळायला आपल्या घराबाहेर पडावे लागते. त्यासाठी मराठी आणि कानडी शेजारी नांदणाऱ्या अफजलपूरइतकी सोयीची जागा नाही.

अक्कलकोट तालुक्याची शीव ओलांडली की कलबुर्गी जिल्ह्यातला अफजलपूर तालुका लागतो. भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळचे गाणगापूर याच तालुक्यातले. दत्ताचा अवतार मानले जाणारे श्रीनृसिंहसरस्वती जन्मले विदर्भातल्या कारंजाला. नरसोबाच्या वाडीनंतर ते इथे येऊन राहिले आणि पंधराव्या शतकातली आपली शेवटची वर्षे त्यांनी इथेच घालवली. त्यांचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ मराठी घरांत सात दिवसांच्या पारायणाने वाचला जातो. तो लिहिणारे सरस्वती गंगाधर मात्र आपल्याला मराठी भाषा येत नाही, असे ग्रंथाच्या आरंभीच नम्रपणे सांगतात. त्यांचे घराणे कलबुर्गीजवळच्या कडगंचीचे आणि घरची बोली कानडी, असे अभ्यासक मानतात.

याच पोथीत एक कानडी पद आहे. ग्रंथकाराचे पूर्वज सायंदेव श्रीनृसिंहसरस्वतींच्या दर्शनाने भारावून जातात आणि स्तुती गाऊ लागतात, ती आपल्या कानडीत. पुण्या-मुंबईच्या घरांत पारायणाला बसलेला माणूस इथवर येतो, शब्द भक्तिभावाने म्हणतो आणि पुढे जातो. अनेकांना ते मंत्रासारखे वाटतात. कळत नाहीत, म्हणून त्यांत काही खोल रहस्य असावे अशी समजूतही होते. तेच शब्द अफजलपूरच्या बाजारात एखाद्या कानडी शेतकऱ्यासमोर सावकाश म्हणा. मराठी हातांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरवताना काही ठिकाणी शब्दांचे जोड विस्कटले आहेत, तरी पहिल्या ओळीतच तो ओळखेल. भक्तांचे भाग्य म्हणावे अशा पुरुषाला आपण आज डोळ्यांनी पाहिले, हा त्या पदाचा आनंद आहे. सगळा भर ‘आज पाहिले’ यावर आहे.

हा अर्थ कुणी लपवला नव्हता. शेजाऱ्याच्या भाषेत तो उघडाच होता. आणि तो कळल्यावर पद उणे होत नाही. पारायण करणाऱ्याला कळते, की इथे एका गृहस्थाचा हर्ष त्याच्या मातृभाषेत फुटला आहे. मराठीत एवढा मोठा ग्रंथ रचणाऱ्या कवीनेही तो क्षण मराठीत आणला नाही, जसाच्या तसा ठेवला. गूढ म्हणायचे तर ते इथे आहे.

आता दुसरे गाणे, तेही शेजारच्या भाषेतलेच. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत ‘चक्कीनामा’ नावाचा गीतप्रकार आहे. भाषा दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू बोली; गाणाऱ्या जात्यावर बसलेल्या बायका. कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाजांच्या (निधन १४२२) नावावरही चक्कीनामा सांगितला जातो. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या विजापूरच्या सूफींवरील पुस्तकात या गाण्यांचा अर्थ मांडला आहे. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ हे अक्षर, अल्लाच्या नावाचे पहिले अक्षर. मधला खिळा म्हणजे पैगंबर.

कागदावर वाचले तर हे कोडे वाटते. ज्या बाईने पहाटे जोंधळा दळला आहे, तुरी भरडल्या आहेत, तिला ते समजावून द्यावे लागत नाही. खालची तळी हलत नाही, वरची फिरते, आणि मधला खिळा सैल असेल तर दगड डगमगतो, पीठ जाडेभरडे पडते. खुंट्यावर हात नसेल तर जाते फिरतच नाही. खुंटा आणि खिळा यांचे नाते तिच्या मनगटाला ठाऊक असते, गाणे त्या ठाऊक असलेल्या नात्याला नाव देते. म्हणून दखनी चक्कीनाम्याचा अर्थ लावायला जात्यावरच्या ओव्या म्हणणारी मराठी बाई किंवा बीसुव पदे म्हणणारी कानडी बाई मोठ्या पंडिताइतकीच पारखी ठरते.

तिसरे गाणे आपले रोजचे, एकनाथांची दत्ताची आरती. तिची सुरुवात तीन गुणांच्या मूर्तीने होते आणि शेवटच्या कडव्यात मी आणि तू हा भेदही उरत नाही. पहिल्याच कडव्यात वेद थकतात, दुसऱ्यात वाणी माघारी फिरते, मग दत्त समोर उभा राहतो. म्हणजे आरती गुणांकडून निर्गुणाकडे चालत जाते. गाणगापूरच्या मठात ज्या पादुकांसमोर भाविक उभे राहतात, त्यांचे नावच निर्गुण पादुका. तिथे ही आरती म्हणताना शेवटचे कडवे कुठे पोचते आहे, हे जागाच सांगते.

इथे एक सावधगिरीही शिकण्यासारखी आहे. आरतीचा अर्थ सांगताना पुष्कळ जण चार श्वान म्हणजे चार वेद, गाय म्हणजे पृथ्वी असे सांगू लागतात. तो अर्थ परंपरेने दत्ताच्या चित्राला दिलेला आहे. नाथांच्या आरतीत श्वानही नाहीत आणि गायही नाही. बाहेरचा अर्थ कितीही सुंदर असला तरी तो गाण्यावर लादला, की गाण्याचा स्वतःचा प्रवास झाकला जातो.

तेव्हा आवडत्या गाण्याचा आतला अर्थ शोधताना तीन गोष्टी पाहाव्यात. गाणारा कोणत्या भाषेत वाढला? गाताना त्याच्या हाताला कोणते काम होते? तो कुठे, कुणापुढे उभा होता? मग सुचलेला अर्थ पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत लावून पाहावा. मध्येच तुटला तर सोडून द्यावा. सीमाभागात राहणाऱ्यांना यातली निम्मी उत्तरे शेजारच्या घरात मिळतील. ती विचारायला जाण्याची सवय आपल्याकडे कमी होत चालली आहे आणि ती टिकायला हवी, असे मला मनापासून वाटते. या आठवड्यात एखादे न कळणारे पद घेऊन शेजारी जाऊन पाहा.

पुढच्या लेखात याच तालुक्यातल्या बिदनूरला जन्मलेले कडकोळचे मडिवाळप्पा आणि त्यांची कानडी तत्त्वपदे. त्यांच्या शिष्यांत खैनूरचे कृष्णप्पा होते, तसे चन्नूरचे जलालसाहेबही होते. त्या पदांचा अर्थ कसा लावायचा, ते पाहू.