घाट उतरणारी ‘अप’ गाडी

कर्जतला गाडी थांबली की डब्याडब्यांतून हात बाहेर येतात आणि गरम वडापाव आत जातो. पिढ्यान्‌पिढ्या पुण्याला जाणाऱ्यांना हा थांबा वडापावसाठीच आहे असं वाटत आलं आहे. खरं काम त्या वेळी गाडीच्या शेपटीला चाललेलं असतं. तिथे दोन-तीन इंजिनं येऊन हलकेच टेकतात, जोडली जातात, आणि पुढच्या इंजिनाशी शिट्टीच्या ठरलेल्या खुणांनी नि वॉकीटॉकीवर बोलून गाडी लोणावळ्याकडे ढकलू लागतात. या इंजिनांना बँकर म्हणतात. बोरघाटात ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर चढावं लागतं. एकट्या इंजिनाने भरलेली गाडी तिथे ओढणं कठीण.

घाटाची ही वाट मध्य रेल्वेची. तिच्यावर लिहायचं म्हणून निघालेला माणूस साहजिकच आधी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाखाली जातो. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ती इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. तिथला अधिकृत इतिहास चार वाक्यांत आटपतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. ती चालवणारी जीआयपी कंपनी आणि निजाम, शिंदे व धोलपूर संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली. पुढे पुणे विभाग वेगळा निघाला, २००३ मध्ये जबलपूर, भोपाळ आणि झाशी दुसऱ्या झोनांकडे गेले. उरले मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर.

झोनचा प्रमुख महाव्यवस्थापक, प्रत्येक विभागाचा डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापक. त्यांच्या हाताखाली परिचालन, इंजिनिअरिंग, सिग्नल, विद्युत, वाणिज्य अशी खाती असतात, आणि विभागातल्या खातेप्रमुखाला दोन धनी असतात: रोजच्या कामापुरता डीआरएम, तर खात्याच्या धोरणासाठी मुख्यालयातला आपला वरिष्ठ. रूळ दुरुस्तीसाठी लाइन मागणारा इंजिनिअर आणि ती सोडायला तयार नसलेला परिचालनवाला यांची झटापट इथूनच सुरू होते. रविवारचा मेगाब्लॉक हा त्यांच्यातला तह, आणि तहाची किंमत डोंबिवलीकर मोजतात.

झोनच्या सीमा राज्यांच्या सीमांना जुमानत नाहीत. नागपुरात दोन डीआरएम बसतात, एक मध्य रेल्वेचा आणि दुसरा दक्षिण पूर्व मध्यचा. नांदेड सिकंदराबादचं ऐकतं. मिरजेहून गाडी कोल्हापूरला वळली तर ती पुणे विभागातच राहते, बेळगावकडे वळली तर थोड्याच वेळात हुबळीच्या मुलखात शिरते. मराठवाड्यातला माणूस गाडीसाठी अर्ज करतो तेव्हा तो कुठल्या शहरात पोचवायचा, हाच पहिला प्रश्न असतो. ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही.

मात्र गाड्या चालतात त्या या फायलींवर नव्हे, कंट्रोल ऑफिसातल्या तक्त्यावर. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. पूर्वी सेक्शन कंट्रोलर ती पेन्सिलीने ओढत असे, आता संगणकावर उमटते. थांबलेल्या गाडीची रेघ आडवी पडते, घाटात लागलेल्या गाडीची मुरगळल्यासारखी होते. मुंबई विभागात रोज सुमारे १,८०० लोकल धावतात. त्यांच्या रेघांच्या गर्दीतून लांब पल्ल्याची गाडी काढायची म्हणजे दिव्यच.

तक्त्याशेजारी चाललेले फोन ऐकले की या सगळ्या कारभाराचा खरा स्वभाव लक्षात येतो. तो संशयी आहे. फोनवर महत्त्वाचा निरोप दिला-घेतला की नुसतं ‘बरं’ म्हणून भागत नाही. छापील कागदावर उलटसुलट क्रमाने दिलेल्या आकड्यांपैकी पुढचा आकडा सांगायचा, समोरच्याने तो लिहून घ्यायचा, आपण तो खोडायचा. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. माणूस ओळखीचा असो, वीस वर्षं शेजारच्या स्टेशनात असो, नंबराशिवाय त्याचा शब्द चालत नाही.

या संशयाचं सर्वांत हट्टी रूप घाटात आहे. त्याचं नाव कॅच साइडिंग. मुंबईकडे येणारी गाडी इथे ‘अप’ असते, त्यामुळे घाट उतरणारी गाडी कागदोपत्री वर जात असते. लोणावळ्याहून ती निघाली की वाटेत मुख्य रुळाला एक फाटा फुटतो. तो थोडा पुढे जाऊन चढाला लागतो आणि डोंगरात संपतो, कुठल्याही गावाला जात नाही. गंमत म्हणजे सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडीचे ब्रेक निकामी झालेत, ती आता सुटणार, असं यंत्रणा आधीच धरून चालते. लोको पायलटने सिग्नलपाशी गाडी पूर्ण उभी केली आणि ती ठरलेला वेळ उभी राहिली, की मगच सांधा मुख्य लाइनकडे वळतो. ब्रेक खरोखरच गेले असतील तर गाडी फाट्यावर चढते आणि स्वतःच्या वजनानेच थकून थांबते. डब्यात बसलेले प्रवासी या थांब्यावर वैतागतात, ‘मध्येच कशाला थांबवली?’ म्हणतात. गाडी तेव्हा परीक्षा देत असते. ती रोज द्यावी लागते, कालचे गुण आज धरत नाहीत.

अशा घाटाला जन्मापासून माणसं लागली. तो १८६३ मध्ये खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुरं करून घेतलं. सुरुवातीला चढ एका दमात जमत नव्हता, म्हणून मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे गाडीचं तोंड बदलत असे. १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे ते स्टेशन बंद झालं. त्याच सुमारास विजेची इंजिनं आली. त्यांतलं मालगाडीचं इंजिन कर्मचाऱ्यांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखलं, आणि ते नावच टिकलं.

सध्या घाटातला सर्वांत मोठा शत्रू उतार नाही, पाऊस आहे. मे महिन्यात दोराला बांधलेली माणसं कड्यावर लोंबकळतात आणि पहारीने सैल धोंडे सुटे करून खाली पाडतात. जागोजाग जाळ्या लावल्यात, बोगद्यांची तोंडं पुढे वाढवली आहेत. तरी पावसाळ्यात रात्रभर गस्त चुकत नाही. चाबीवाला एरवी रोज आपल्या हद्दीतले रूळ पायी तपासतो, हातात हातोडा, पिशवीत झेंडे आणि पत्र्याच्या डबीत फटाके. रुळावर दरड दिसली तर पळायचं असतं. ६०० मीटरवर एक फटाका, १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन, म्हणजे चाकाखाली ते फुटले की इंजिनात बसलेल्याला कळतं. धुक्यात, शेवाळलेल्या खडीवर, कड्याला चिकटून हे अंतर कसं पळायचं, हे नियमपुस्तकात लिहिलेलं नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात दरडी आणि खचलेल्या भरावांमुळे मुंबई-पुणे गाड्या कित्येक दिवस बंद राहिल्या. जुलै २०२१ मध्ये तर बोरघाट आणि कसाऱ्याचा थळघाट एकाच वेळी बंद पडले, आणि मुंबईची घाटाकडची दोन्ही दारं मिटली. या दोन्ही घाटांना १०० ला १ अशा सौम्य चढाचा नवा मार्ग द्यावा, मग बँकरच नको, अशी चर्चा आणि सर्वेक्षणं चालू आहेत. बँकर लावण्या-काढण्यातला वेळ आणि त्यांच्या परतीच्या फेऱ्या कमी होतील, हे खरं. फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्या बँकरशिवाय घाट चढताहेत, तेही खरं. पण मालगाड्या तशाच राहिल्यात, आणि नवा मार्ग म्हणजे त्याच सह्याद्रीत नवे बोगदे.

तोवर जूनची पहिली जोराची सर येते. कंट्रोलमधून वेग कमी करायचा निरोप निघतो, प्रायव्हेट नंबर घेतला जातो, तक्त्यावरच्या रेघा आडव्या होऊ लागतात. कर्जतला थांबलेल्या गाडीत वडापावची दुसरी फेरी होते. वर घाटात मंकी हिलजवळ बॅटरी घेतलेला एक माणूस बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून डोंगराकडे कान लावतो.