प्रतिस्पर्ध्याच्या खर्चाचा हिशेब : बेसबॉलमधील करारमुक्त खेळाडू आणि चाहत्यांचा वाद

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी संपतो आणि मैदाने मार्चपर्यंत ओस पडतात. चाहत्यांची चर्चा मात्र याच काळात टिपेला पोहोचते. करार संपलेले खेळाडू कोणत्या संघात जाणार, कोणता संघ किती वर्षांसाठी किती पैसे मोजणार, यावर महिनोन्‌महिने वाद रंगतात. चाहते स्वतःच्या संघाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक कसोशीने, प्रतिस्पर्धी संघाचे निर्णय तपासतात. न्यूयॉर्क शहरातील यँकीज आणि मेट्स या दोन संघांमधील गेल्या काही हंगामांचा घटनाक्रम या प्रवृत्तीचे बोलके उदाहरण ठरतो.

करारमुक्त होणे म्हणजे काय?

बेसबॉलमध्ये करारमुक्त खेळाडूला ‘फ्री एजंट’ म्हणतात. सर्वोच्च स्तरावर सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर आणि करार संपल्यावर खेळाडूला आपल्या पसंतीच्या संघाशी वाटाघाटी करता येतात. त्यापूर्वीची सुमारे तीन वर्षे तो बहुधा किमान वेतनाच्या आसपास खेळतो आणि पुढील तीन वर्षे त्याचे वेतन संघाशी चर्चेने किंवा लवादामार्फत ठरते. म्हणजेच अनेकांची उमेदीची वर्षे तुलनेने कमी मोबदल्यात सरतात आणि मोठा करार पदरात पडतो तेव्हा वयाची तिशी जवळ आलेली असते. संघाने खेळाडूला भूतकाळासाठी पैसे द्यावेत की भविष्यासाठी, हा वादाचा पहिला मुद्दा येथेच जन्म घेतो.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या भारतीय वाचकाला यातील फरक चटकन जाणवेल. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्या लखनऊकडे ऋषभ पंत २७ कोटींना गेला. लिलावात उतरलेल्या खेळाडूला संघ निवडता येत नाही. बेसबॉलमध्ये लिलाव नाही आणि खर्चावर कठोर कमाल मर्यादाही नाही. अंतिम निर्णय खेळाडूचा असतो. त्यामुळे तो निघून गेला की चाहत्यांचा रोष संघाच्या मालकावर आणि खेळाडूवर, असा दोघांवर फुटतो.

हे स्वातंत्र्य सहजासहजी मिळालेले नाही. पूर्वी ‘राखीव कलमा’मुळे करार संपल्यानंतरही खेळाडू संघाशी बांधलेला राहत असे. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लड यांना फिलाडेल्फियाकडे धाडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यांनी नकार देऊन न्यायालयात धाव घेतली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल त्यांच्या विरोधात दिला. तोवर त्यांची कारकीर्द संपली होती. पुढे डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निर्णय दिला आणि मुक्त बाजाराचा मार्ग खुला झाला. सहा वर्षांचा नियम त्यानंतरच्या १९७६ च्या सामूहिक करारातून आला.

सोटो यांचा करार आणि दोन बाजू

डिसेंबर २०२४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकचे फलंदाज हुआन सोटो यांनी यँकीज सोडून मेट्सशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. क्रीडाविश्वातील हा तोवरचा सर्वांत मोठा करार होता. वर्षभरापूर्वीच शोहेई ओहतानी यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सशी ७० कोटी डॉलरचा करार केला होता, पण त्यातील ६८ कोटी डॉलर २०३४ ते २०४३ या काळात मिळायचे आहेत. सोटो यांच्या करारात असा कोणताही लांबणीवर टाकलेला हप्ता नाही. प्रसिद्ध वृत्तांनुसार यँकीजचा अंतिम प्रस्ताव १६ वर्षांसाठी ७६ कोटींचा होता. एकूण रकमेतील अंतर अवघे ५० लाख डॉलर होते. वर्षाच्या सरासरीत मात्र ते सुमारे ३५ लाखांचे होते.

सोटो यांनी २०२४ मध्ये यँकीजसाठी ४१ होमरन मारून संघाला अंतिम फेरीपर्यंत नेण्यात मोठा वाटा उचलला होता. त्यामुळे त्यांचे जाणे, तेही शहरातल्या शहरात, यँकीजच्या चाहत्यांना जिव्हारी लागले. मे २०२५ मध्ये ते मेट्सच्या गणवेशात यँकी स्टेडियमवर उतरले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली.

संताप ओसरल्यावर चाहत्यांमध्ये दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे असे की, चाळिशीपर्यंत चालणारा करार हे मेट्सने गळ्यात बांधून घेतलेले लोढणे आहे आणि यँकीजने पैसे वाचवून शहाणपण दाखवले. दुसऱ्या गटाचा युक्तिवाद वेगळा होता. सोटो एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये आले, म्हणून ते सव्विसाव्या वर्षीच करारमुक्त झाले. असा खेळाडू बाजारात क्वचित येतो आणि त्याच्यासाठी नेहमीचे गणित लावणे चूक आहे. यँकीजने त्यानंतर पिचर मॅक्स फ्रीड यांना आठ वर्षांसाठी २१ कोटी ८० लाख डॉलर दिले, तसेच कोडी बेलिंजर आणि पॉल गोल्डश्मिट यांना संघात घेतले. एका ताऱ्याऐवजी अनेक खांबांवर संघ उभा करण्याचा हा प्रयत्न होता.

निकाल काय लागला?

२०२५ च्या हंगामाने दोन्ही गटांच्या हाती पुरावे दिले. सोटो यांनी ४३ होमरन मारले आणि पिचरची नजर चुकवून ३८ वेळा पुढचा बेस गाठला. वैयक्तिक पातळीवर मेट्सचा पैसा सार्थकी लागला. तरीही जूनच्या मध्यापर्यंत अव्वल असलेला हा संघ पुढे घसरत गेला, ८३ विजयांवर थांबला आणि अखेरच्या दिवशी बाद फेरीबाहेर फेकला गेला. तिकडे फ्रीड यांनी १९ सामने जिंकून दिले, यँकीजने ९४ विजय मिळवले, पण दुसऱ्याच टप्प्यात टोरंटोकडून त्यांचे आव्हान संपुष्टात आले.

हे आकडे एक साधी गोष्ट सांगतात. करार योग्य होता का आणि संघ जिंकला का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. उत्तम फलंदाजाला एका डावात आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि पिचरच्या दुखापतींवर त्याचा इलाज चालत नाही. चाहत्यांच्या वादात मात्र या दोन प्रश्नांची सर्रास गल्लत होते. प्रतिस्पर्धी हरला की त्याचा करार फसला असे ठरते आणि आपला संघ हरला की दोष नशिबाचा ठरतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पारडे फिरले. मेट्सच्या इतिहासात सर्वाधिक, २६४ होमरन मारणारे पीट अलोन्सो पाच वर्षांच्या १५ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर बाल्टिमोरला गेले. सामन्याचा शेवट सांभाळणारे पिचर एडविन डियाझ डॉजर्सकडे गेले. अलोन्सो यांनी नुकतीच एकतिशी गाठली होती, म्हणून व्यवहाराच्या दृष्टीने मेट्सचा संयम समजण्याजोगा होता. मेट्सच्या निष्ठावंतांच्या दृष्टीने मात्र तो घरच्या माणसाला दिलेला निरोप होता. यँकीजच्या चाहत्यांनी शेजाऱ्याच्या या कोरडेपणावर टीका केली, तर काहींनी त्याचे कौतुक केले. पुढे जानेवारी २०२६ मध्ये यँकीजने तिशी गाठलेल्या बेलिंजर यांना पाच वर्षांसाठी १६ कोटी २५ लाख डॉलर देऊन राखले. वय, मुदत आणि रक्कम जवळपास सारखी असताना एका संघाने हात आखडता घेतला, दुसऱ्याने सैल सोडला. आदल्या वर्षी दीर्घ करारांना नावे ठेवणाऱ्या यँकीजच्या चाहत्यांपुढे आता तोच प्रश्न स्वतःच्या दारात उभा राहिला.

प्रतिस्पर्ध्याच्या निर्णयांवरील चर्चेचे खरे स्वरूप येथे उघड होते. शेजाऱ्याने काय केले याचा निवाडा करताना चाहता वस्तुतः आपल्या संघाकडून काय अपेक्षा ठेवावी, हेच ठरवत असतो. त्याला विजय हवा असतो आणि जिव्हाळ्याचा खेळाडूही हवा असतो. मुक्त बाजारात या दोहोंची सांगड प्रत्येक वेळी बसत नाही.

पुढचा पेच

या वादाला आता धोरणात्मक धार आली आहे. बेसबॉलमध्ये खर्चाची मर्यादा नसली तरी ठरावीक रकमेपलीकडे कर आहे. २०२५ मध्ये ही रेषा २४ कोटी १० लाख डॉलरवर होती. सलग तीन वर्षे ती ओलांडणाऱ्या आणि फार पुढे जाणाऱ्या संघाला वरच्या टप्प्यातील खर्चावर ११० टक्क्यांपर्यंत कर भरावा लागतो. तरीही धनाढ्य संघ मागे हटलेले नाहीत. डॉजर्सने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवल्यानंतर छोट्या शहरांतील संघांच्या चाहत्यांची तक्रार अधिक तीव्र झाली.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील विद्यमान सामूहिक कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ रोजी संपते. वेतनावर कमाल मर्यादा असावी, हा विषय त्या वाटाघाटींत कळीचा ठरण्याची चिन्हे आहेत आणि खेळाडू संघटनेचा अशा मर्यादेला जुना विरोध आहे. याच मुद्द्यावरून १९९४ मध्ये संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द करावी लागली. २०२१-२२ मध्ये मालकांनी पुकारलेली टाळेबंदी ९९ दिवस चालली होती.

मर्यादा आली तर सोटो यांच्यासारखे करार दुर्मीळ होतील आणि श्रीमंत प्रतिस्पर्ध्याविषयीची तक्रार काही अंशी निवळेल. पण त्याची किंमत खेळाडूंच्या मिळकतीतून वसूल होईल आणि फ्लड यांच्या लढ्यातून रुजलेल्या हक्काला कात्री लागेल. सोटो यांचा करार २०३९ पर्यंत चालणार आहे. त्याचा अंतिम हिशेब मांडला जाईल तेव्हा बेसबॉलचे अर्थकारण कोणत्या नियमांवर चालत असेल, हे बऱ्याच अंशी येत्या वाटाघाटींवर अवलंबून आहे.