एका तासात पावणेदोन लाख बुकिंग. मग गाडी वर्षभर का येत नाही?

पवनारच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की आमचा अभ्यासगट बाहेरच्या ओट्यावर बसतो. कधी संविधानावर बोलणे होते, कधी स्पर्धा परीक्षेवर. मागच्या एका रविवारी विषय निघाला गाडीचा. गटातला एक तरुण रोज बुटीबोरीला कामाला जातो. त्याने एसयूव्ही बुक केली होती. "दादा, तीन महिने म्हणाले होते, नऊ झाले. आता शोरूमवाले फोन बी उचलत नाही," असे तो म्हणाला. आईने मोडलेल्या ठेवीचे पैसे त्यात अडकले होते आणि बँकेने कर्जही मंजूर केले होते.

ओट्यावरचे काही जण हसले. "पोराला थार पाहिजे, धम्म नाही," असा टोमणाही आला. आम्हाला तो पटला नाही. गाडी बुक करणारी आपली पहिली पिढी आज उभी राहत आहे. तिला हिणवून उपयोग नाही. तिला या बाजाराचे गणित समजले पाहिजे, म्हणून हा लेख.

बुकिंगचे आकडे

खरी स्पोर्ट्स कार घेणारे आपल्या देशात मोजकेच आहेत. लॅम्बोर्गिनी कंपनीने २०२३ साली भारतात १०३ गाड्या विकल्या आणि २०२४ साली ११३. तिची रेव्हुएल्टो ही गाडी करांसह आणि नोंदणीसह भारतात दहा कोटींच्या घरात जाते. तरीही ती बाजारात येताच पुढच्या दोन वर्षांहून अधिक काळाचे उत्पादन आधीच विकले गेले होते.

आपल्याकडच्या मध्यमवर्गाची स्पोर्ट्स कार म्हणजे एसयूव्ही. या नावातला 'एस' स्पोर्टचाच आहे. या बाजारातली सगळ्यात मोठी गर्दी महाराष्ट्रात तयार होणाऱ्या गाड्यांसाठी झाली. महिंद्राची नवी थार नाशिकच्या कारखान्यातली. ती बाजारात आली २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे गांधी जयंतीला. पहिल्या चार दिवसांत नऊ हजारांवर बुकिंग झाले. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी चाकणच्या एक्सयूव्ही ७०० चे २५ हजार बुकिंग ५७ मिनिटांत झाले. ३० जुलै २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एनला अर्ध्या तासात एक लाख बुकिंग मिळाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी थार रॉक्ससाठी पहिल्या साठ मिनिटांत १,७६,२१८ जणांनी नाव नोंदवले. तिच्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या त्या १२ ऑक्टोबरला, दसऱ्याला. त्याच दिवशी दीक्षाभूमीवर लाखो लोक धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी जमले होते.

आता साधा भागाकार करून पाहू. स्कॉर्पिओ-एनचे वाटप २६ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाले आणि डिसेंबरपर्यंत २० हजार गाड्या देऊ, असे कंपनीने जाहीर केले होते. म्हणजे महिन्याला साधारण साडेसहा हजार. या वेगाने एक लाख गाड्यांना पंधरा महिने लागतात. रांगेतल्या शेवटच्या माणसाला सव्वा वर्ष थांबावे लागणार, हे बुकिंगच्या पहिल्याच दिवशी कागदावर दिसत होते. मात्र शोरूममध्ये पेढा देताना हा भागाकार कोणी करून दाखवत नाही.

उशिराची कारणे

पहिले कारण चिपचे. २०२० च्या टाळेबंदीत कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या. चिप बनवणाऱ्यांनी तो माल मोबाइल आणि लॅपटॉपकडे वळवला. कारची मागणी परत आली तेव्हा या कंपन्या रांगेत मागे पडल्या होत्या. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. आजच्या गाडीत शेकडो चिप असतात. त्यातली एक नसली तरी तयार गाडी आवारातच उभी राहते. महागड्या प्रकारात कॅमेरे आणि सेन्सर जास्त, म्हणून चिपही जास्त. एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या प्रकारांना वर्षाहून अधिक काळ लागला, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण कारखान्याच्या क्षमतेचे. सांगाडा जोडणे, रंगकाम, अंतिम जुळणी या प्रत्येक टप्प्याला ठरलेली मर्यादा असते. ती वाढवायला नवी यंत्रे आणि नवी माणसे लागतात, आणि त्यात बराच काळ जातो. सगळ्यांनी एकच रंग आणि एकच प्रकार मागितला, तर त्या प्रकाराची रांग आणखी लांबते.

तिसरे कारण बुकिंगच्या पद्धतीत आहे. स्कॉर्पिओ-एनसाठी २१ हजार रुपये भरायचे होते आणि तेही परत मिळणारे. पहिल्या २५ हजार ग्राहकांना सुरुवातीची कमी किंमत होती. साहजिकच ज्याचे अजून ठरलेले नाही तोही नाव लावून ठेवतो. काही जण दोन शोरूममध्ये नोंद करतात, काही जण गाडी मिळताच जास्त भावाने विकण्याच्या बेताने नोंद करतात. त्यामुळे रांग असते त्यापेक्षा मोठी दिसते, मोठ्या रांगेची बातमी होते आणि बातमी वाचून आणखी लोक रांगेत येतात.

महागड्या स्पोर्ट्स कारची गोष्ट थोडी वेगळी. तिथे कंपनी मुद्दाम कमी गाड्या बनवते, कारण दुर्मिळता हाच तिचा भाव. शिवाय वाटेतले अपघात असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेलिसिटी एस या मालवाहू जहाजाला अटलांटिक महासागरात आग लागली आणि १ मार्चला ते बुडाले. त्यावर पोर्शे, लॅम्बोर्गिनी, ऑडी वगैरे सुमारे चार हजार गाड्या होत्या. त्यातल्या काहींसाठी बंद केलेले उत्पादन पुन्हा सुरू करावे लागले.

जुनी रांग आणि पवनार

ही रांग नवी नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने स्कूटरसाठी रांग लावली होती. लायसन्स राजच्या काळात किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवत असे आणि बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागे. या बजाज घराण्याचा आणि पवनारचा संबंध जुना आहे. १९३८ साली विनोबा पवनारला राहायला आले ते जमनालाल बजाज यांच्या धाम नदीकाठच्या बंगल्यात. तिथेच पुढे परमधाम आश्रम झाला, साधेपणाचे आणि अपरिग्रहाचे प्रयोग झाले.

त्या प्रयोगांबद्दल आम्हाला आदर आहे. पण साधेपणाचा उपदेश कोणाला करायचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४५ सालीच विचारला होता. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या त्यांच्या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधावर कडक टीका आहे. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याला त्याग शिकवणे सोपे असते.

वाहनाचा प्रश्न तर बाबासाहेबांच्या अंगावर कोरलेला होता. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली. १९२९ साली ते बॅरिस्टर होते, मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात फिरत होते. चाळीसगावला टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवून हाकायला नकार दिला. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच एका माणसाने लगाम धरला आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. त्यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे दोन्ही प्रसंग आहेत.

म्हणून आपल्या वस्तीतल्या पोराने स्वतःच्या कमाईची गाडी स्वतः चालवावी, यात आम्हाला काही गैर दिसत नाही. त्यामागे शंभर वर्षांचा हिशेब आहे.

ऋण नसण्याचे सुख

बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केलेला नाही. अनाथपिंडिकाला उपदेश करताना त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: स्वकष्टाची संपत्ती असण्याचे सुख, ती उपभोगण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. गाडी पहिल्या दोन सुखांत बसते. ती तिसऱ्याचा घास घेणार असेल, तर थांबून विचार करावा. दीघजाणूला दिलेल्या उपदेशातही मिळकत आणि खर्च यांचा तोल सांभाळण्याला, म्हणजे समजीविकेला, बुद्धांनी गृहस्थाच्या चार संपदांमध्ये स्थान दिले आहे.

आता हा तोल आकड्यांत पाहू. १२ लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षे मुदत. हप्ता येतो महिन्याला सुमारे १९,६०० रुपये आणि सात वर्षांत व्याज जाते सुमारे ४ लाख ४७ हजार. शोरूमची किंमत म्हणजे रस्त्यावरची किंमतही नव्हे. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीवर १४ टक्के वाहन कर लागतो, पेट्रोलवर १२ टक्के. त्यावर विमा. हे सगळे ज्याच्या पगारात बसते त्याने खुशाल गाडी घ्यावी. ज्याच्या पगारात बसत नाही, त्याच्यासाठी बुकिंग ते गाडी मिळण्यापर्यंतचे महिने म्हणजे फेरविचाराची संधी आहे.

बुकिंग करण्यापूर्वी आणि नंतर

ओट्यावर बसून आम्ही त्या तरुणाला जे सांगितले तेच इथे देतो.

१. बुकिंगच्या अर्जावर मागची बाजू वाचा. किंमत बुकिंगच्या दिवसाची की गाडी मिळेल त्या दिवसाची, हे तिथे लिहिलेले असते. बहुतेक वेळा ती गाडी मिळण्याच्या दिवसाची असते. म्हणजे भाव वाढला तर तुमच्या माथी. कमी झाला तर फायदाही तुमचा: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी ४० टक्के झाला, तो आधी उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जात होता.

२. रद्द केल्यास किती पैसे आणि किती दिवसांत परत, हे लेखी घ्या. तोंडी 'तीन महिने' हा पुरावा नसतो. विक्री प्रतिनिधीला ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर तारीख विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

३. तुमच्या नावावर गाडीचा चॅसिस क्रमांक येईपर्यंत बँकेला कर्जाची रक्कम सोडू देऊ नका. रक्कम सुटली की व्याज सुरू होते, गाडी दारात असो वा नसो.

४. रोख पैसे देऊ नका. 'लवकर मिळवून देतो' म्हणून विमा किंवा जादा सामान घ्यायला लावत असतील, तर नकार द्या. विमा कुठून घ्यायचा हा तुमचा निर्णय आहे.

५. ऐकतच नसतील तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. शोरूम नागपूरला असले तरी तक्रार वर्ध्यात चालते. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

त्या तरुणाने त्याच रात्री दोन ईमेल पाठवले. आठवड्याभरात शोरूममधून फोन आला. गाडी अजून आलेली नाही, पण तारीख लेखी मिळाली आणि कर्जाची रक्कम बँकेकडेच थांबली.

दुसरी रांग

त्या संध्याकाळी निघताना त्याच्या धाकट्या बहिणीने आम्हाला गाठले. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा शिष्यवृत्तीचा हप्ता एक वर्षापासून आलेला नव्हता. कॉलेज म्हणते कार्यालयात विचारा, कार्यालय म्हणते कॉलेजात विचारा. आम्ही विचारले, लेखी काय दिले? काहीच दिले नव्हते. घरात गाडीसाठी नऊ महिन्यांत पन्नास फोन गेले होते. शिष्यवृत्तीसाठी एकही अर्ज गेला नव्हता.

आम्हाला ही गोष्ट जास्त लागली. गाडीची रांग आपण पैसे भरून लावतो, हवे तेव्हा तिच्यातून बाहेर पडू शकतो. शिष्यवृत्तीच्या रांगेत आपली मुले हक्काने उभी आहेत आणि त्या रांगेतून बाहेर पडणे म्हणजे शिक्षण सोडणे. गाडीच्या उशिराची बातमी होते. शिष्यवृत्तीच्या उशिराची सवय होते.

इथेही मार्ग आहेत. माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जावर 'माझा अर्ज सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कारणाने' एवढेच विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा. ग्राहक आयोगासाठी जशी कागदपत्रे लावली, तशीच फाईल इथे लावा.

पुढच्या रविवारी आमच्या ओट्यावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत गटातल्या मुलांची गाडी-मोबाइलची प्रकरणे, दुसरीत शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि जात पडताळणीची. पहिल्या वहीत आतापर्यंत चार नोंदी आहेत, दुसरीत एकोणीस. ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांनी वंदनेनंतर अर्धा तास थांबावे. प्रत्येक गावच्या विहारात अशी दुसरी वही उघडता येईल. त्यासाठी शंभर पानांची वही आणि एक पेन पुरतो.

जय भीम, नमो बुद्धाय.