शिवराईवरचा ‘श्री’ कुठे गेला?

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावात जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात हळदकुंकू ल्यालेली शिवराई अजून सापडते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. पण हातातल्या नाण्यावर बहुधा ‘श्री’ अर्धाच असतो, नाहीतर ‘पति’ची वेलांटी काठाबाहेर गेलेली असते. मग कुणीतरी सांगतं, “चुकून पडलेलं नाणं आहे, लाखाला जाईल.”

यात चूक काहीच नाही. शिवराई हातोड्याच्या घावाने पाडत. साच्यावरचा मजकूर मोठा, तांब्याची चकती त्याहून लहान, त्यामुळे चकतीवर मावेल तेवढंच उमटे. उलट सगळी अक्षरं धड उमटलेली शिवराईच कमी मिळते. साचे कारागीर हाताने कोरत, म्हणून कुठे ‘शिव’ दिसतं, कुठे ‘सिव’, कुठे ‘पती’ दीर्घ. पुढच्या काळात ओळींच्या मधे दोन समांतर रेघा आल्या, ती दुदांडी शिवराई. हे सगळे साच्यातले फरक, म्हणजे नाण्याचे प्रकार. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्याच्या अंगी तो फरक असणारच.

टांकसाळीतली चूक निराळी. ती त्या एका घावापुरती असते. चकती सरकली की छाप एका कडेला जातो आणि बाकीचा भाग कोरा राहतो. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर एका बाजूला त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उठते. म्हणून पारख करताना आधी जोडीदार शोधावा. हुबेहूब तोच फरक असलेलं दुसरं नाणं मिळालं, तर दोष घावाचा नाही, खूण साच्याची आहे. एक अडचण मात्र राहते. साच्याला तडा गेला तर नाण्यावर उंचवट्याची बारीक रेघ येते आणि तडा वाढत जाईल तशी पुढच्या नाण्यांवर लांबत जाते. हिला प्रकार म्हणावं की चूक, यावर जाणकारही भांडतात. मला ती साच्याच्या म्हातारपणाची नोंद वाटते.

“सालाखाली ठिपका आहे, म्हणजे दुर्मीळ.” नाही. ती टांकसाळीची खूण. आजच्या नाण्यांवर गोल ठिपका नोएडाचा, चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची. कोलकाता खूण करत नाही. 1862 सालचा राणीछाप रुपया तर 1874 पर्यंत तेच साल घालून पाडला जात होता. मुंबईच्या रुपयांवरचे ठिपके हे त्यातलं खरं वर्ष ओळखण्याचं साधन आहे.

दहाच्या नाण्यावर कुठे 10 रेषा, कुठे 15, म्हणून आठवडी बाजारात ते परत करणारेही भेटतात. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं, की तोवर काढलेली 14 रचनांची दहाची नाणी सगळीच चालतात.

आणखी एक ढीग असतो, ज्यात टांकसाळीचा काही संबंधच नसतो. पुणतांब्याला संत चांगदेवांच्या समाधीला आलेले भाविक गोदावरीत नाणी सोडतात. वाळूने ती घासली जातात, पाण्याने खाल्ली जातात, अक्षरं पुसली जातात. पुणतांबा रेल्वेचं गाव. रुळावर ठेवलेला रुपया चपटा, रुंद होतो. दहाच्या नाण्याचा मधला बिल्ला काढून उलटा बसवणारेही आहेत. हे नाण्याला नंतर झालेले घाव आहेत, आणि तेच ‘मिस्प्रिंट’ म्हणून विकले जातात. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून लोकांकडून शुल्क मागितलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी दिला होता. बँक असला व्यवहार करत नाही.

शंका असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिकडे जायच्या आधी शिवराई चिंचेने घासू नका. ‘शि’ की ‘सि’ हे ज्या बारीक कडांवरून ठरतं, त्या कडाच चिंच आणि राख खाऊन टाकतात.