ज्याने बीटी कापूस घडवला, त्या जिवाणूला साखर कशी फसवते?

छत्रपती संभाजीनगरच्या शेजारी जालना. तिथल्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि देशात बीटी कापूस आला. बोंडअळीला मारणारं त्यातलं जनुक कापसात पोहोचवलं होतं एका रोगकारक जिवाणूने. ते काम आधी अमेरिकेत झालं होतं. या जिवाणूचं नाव ॲग्रोबॅक्टेरियम.

हा जिवाणू नेमकं करतो काय?

जखम झालेल्या झाडाच्या पेशीत तो आपल्या डीएनएचा तुकडा घुसवतो. मग बुंध्याजवळ, मुळांवर गाठी येतात. हा क्राऊन गॉल रोग. गुलाब, पीच, बदाम यांना तो होतो. या गाठी जिवाणूसाठी खास अन्न तयार करतात. म्हणजे मेहनत झाडाची आणि जेवण जिवाणूचं!

शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातली गाठीची जनुकं काढून तिथे उपयोगी जनुक बसवलं. बीटी कापूस असाच घडला.

यात साखर कुठून आली?

या जिवाणूच्या काही प्रकारांचं अन्न म्हणजे ॲग्रोसिनोपिन. आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, आणि अरॅबिनोज नावाची दुसरी साखर यात फॉस्फेटने जोडलेल्या असतात. ती आत घेण्यासाठी जिवाणूकडे खास दार असतं.

हेच दार त्याला महागात पडतं. ऑस्ट्रेलियाचे ॲलन केर यांनी 1970 च्या दशकात के84 हा निरुपद्रवी जिवाणू रोपांच्या संरक्षणासाठी वापरला. तो ॲग्रोसिन 84 नावाचं विष बनवतो. या विषाचा एक भाग जिवाणूच्या अन्नासारखाच दिसतो. जिवाणू ते जेवण समजून आत घेतो आणि मरतो.

मग प्रयोगशाळेत साखर का बनवायची?

दार नेमकं काय ओळखतं, हे तपासायला शुद्ध रेणू लागतात. ते बनवणं किचकट असतं. साखरेच्या रेणूला फॉस्फेट चिकटू शकेल अशा अनेक जागा असतात. हवी ती एक मोकळी ठेवून बाकीच्या तात्पुरत्या झाकाव्या लागतात, फॉस्फेट जोडावं लागतं आणि मग झाकणं काढावी लागतात.

फ्रान्समधल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की, दार पूर्ण रेणू पाहतच नाही. साखरेच्या कड्यातल्या दुसऱ्या कार्बनवर फॉस्फेट असलं की पुरे. म्हणजे त्या तुकड्यामागे वेगळं औषध जोडून ते आत पाठवता येऊ शकतं.

हे सगळीकडे चालेल?

नाही. द्राक्षवेलींवर गाठी आणणाऱ्या बहुतेक जिवाणूंवर के84 चालत नाही. पण सरसकट फवारणीत उपयोगी जिवाणूही मरतात. इथे मात्र ज्याच्याकडे दार आहे, तोच विष खातो.