हाडांची कणगी विशीतच भरा

साठी-सत्तरीतली आजी न्हाणीघरात पाय घसरून पडते. पडणे किरकोळ असते, पण खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परावलंबन. घरातले म्हणतात, पडल्यामुळे हाड मोडले. खरे तर हाड आतून आधीच विरळ झालेले असते. पडणे हे केवळ निमित्त. या विकाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणजेच हाडांचा ठिसूळपणा म्हणतात. दुखणे म्हातारपणीचे असले, तरी त्याची मुळे शाळकरी वयात असतात. म्हणून आजचा लेख आजीइतकाच नातीसाठी आहे.

हाडे कशी भरतात?

हाड ही जिवंत गोष्ट आहे. जुने हाड झिजते आणि नवे भरले जाते. वयात येण्याच्या चार-पाच वर्षांत ही भर सर्वांत वेगाने पडते. अठराव्या वर्षापर्यंत मुलीच्या हाडांतील सुमारे ९० टक्के साठा झालेला असतो. उरलेला तिशीपर्यंत होतो. सुगीत कणगी भरावी आणि पुढे वर्षभर त्यातून खावे, तसाच हा प्रकार आहे. पाळी कायमची गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि पहिली पाच-सात वर्षे हाडांची झीज झपाट्याने होते. कणगी भरलेली असेल तर ती निभावते. ज्यांची पाळी लवकर बंद झाली किंवा शस्त्रक्रियेत बीजकोश काढले गेले, त्यांची झीज लवकर सुरू होते. अशा भगिनींनी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

मनगटाचे प्लास्टर काढल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या. सोबत तेरा वर्षांची नात होती. 'डॉक्टर, ताकदीची एखादी गोळी द्या,' बाई म्हणाल्या. मी नातीला विचारले, 'तू दूध पितेस का गं?' ती नुसती हसली. आजीच बोलल्या, 'रतीब लिटरभराचाच आहे. चहाला लागतं, उरलेलं हिच्या भावाला. त्याचं वाढीचं वय आहे ना!' नातीचेही वय वाढीचेच आहे, हे त्या घरात कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. असे घर एकच नाही.

ताटात काय हवे?

२०२० च्या राष्ट्रीय शिफारशींनुसार किशोरवयीन मुलीला आणि प्रौढ स्त्रीला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पाळी गेल्यावर १२००. पेलाभर (२०० मिलि) दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. दही-ताकही चालते. चहातले चमचाभर दूध मात्र हिशेबात धरू नये. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एका भाकरीतून दीडशेच्या आसपास मिळते. नाचणीला मोड आणले किंवा तिची आंबील केली, तर ते अंगी अधिक लागते. तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिरा आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी हेही उत्तम. पालक पौष्टिक खरा, पण त्यातले कॅल्शियम शरीराला फारसे मिळत नाही. लोणचे-पापडाचा अतिरेक टाळावा. जादा मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम निघून जाते.

ऊन आणि हालचाल

कॅल्शियम शोषले जाण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व हवे आणि ते उन्हातून मिळते. पुष्कळांचा भर कोवळ्या उन्हावर असतो, पण त्यात उपयोगी किरण फार थोडे असतात. सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान चेहरा व हात उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे उन्हात राहावे; कडक उन्हाळ्यात थोडे कमी. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन कामाचे नाही.

हाडावर भार पडला की ते मजबूत होते. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, जिने चढणे हे सारे हाडांचे खाद्य आहे. मंगळागौरीच्या फुगड्या आणि झिम्मा यांतही तोच व्यायाम दडलेला आहे. पाळी सुरू झाली म्हणून मुलीचे मैदान बंद करू नका. हाडे भरण्याचे दिवस नेमके तेच असतात. मिश्री आणि तंबाखू हाडांचे शत्रू आहेत. त्यांची सवय लागूच देऊ नये.

गरोदर भगिनींना सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या लोहाच्या गोळीबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्याव्यात.

पन्नाशी उलटली असेल तर?

तरीही वेळ गेलेली नाही. आहार, ऊन आणि चालणे यांनी झीज मंदावते. उंची कमी होणे, पाठीत पोक येणे किंवा साध्या पडण्याने हाड मोडणे ही धोक्याची खूण समजावी. अशा वेळी, तसेच पासष्टीनंतर, डेक्सा तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. उपचारासाठी चांगली औषधे आहेत. ती आपल्या मनाने घेऊ नयेत. घरात न्हाणीघर कोरडे ठेवावे, रात्री दिवा असावा आणि पायात न घसरणारी चप्पल असावी.

आज संध्याकाळी दूध वाटताना मुलीचा पेला मुलाच्या पेल्याइतकाच भरा. चाळीस वर्षांनी तो तिच्या कामी येईल.