स्वभावाला औषध नाही?

श्रोतेहो, ‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण सहज बोलून जातो. मीही जव्हारला शिकवताना एका विद्यार्थ्याविषयी तसेच बोललो होतो. मुलगा मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. शेवटच्या बाकावर बसे, प्रश्न विचारला की मान खाली. दिवाळीनंतर तर दिसेनासाच झाला. मी म्हटले, बुजरा आहे, चिकाटी नाही.

मागाहून कळले, आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले. घरी म्हातारी आजी, दोन धाकटी भावंडे आणि गुरे. ते सगळे उरकेपर्यंत सकाळची एस.टी. निघून जाई. आता चिकाटी नव्हती ती कुणाला? त्याला की चौकशी न करणाऱ्या मला?

माणसामाणसांत मिसळण्याची आवड, सलोखा, कामातला नेटकेपणा, मनाची चलबिचल आणि नव्याची ओढ, असे स्वभावाचे पाच पैलू मानसशास्त्रज्ञ मानतात. ते चटकन बदलत नाहीत, हे खरे. पण वर्गात मुका असणारा हाच मुलगा तारप्याच्या नाचात पुढे असे! तेव्हा स्वभाव पाहायचा तर माणूस कुठे उभा आहे तेही पाहावे लागते.

कोहेन आणि विल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली तोवरचे संशोधन तपासून दाखवले, की आपल्या पाठीशी कोणी आहे असे वाटले की ओढाताणीचा मार मनाला कमी लागतो. आपले इरलेच पाहा ना. इरल्याने पाऊस थांबत नाही, पण आवणी पुरी होते.

हा आधार पैशाचाच असतो असे नाही. आदिवासी मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. जेवणाखाण्याचे नि राहण्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँकखात्यात येतात. पण घरात कॉलेजात जाणारे पहिलेच पोर असेल, तर त्याला हे सांगणार कोण? दाखले कुठले लागतात, अर्जाची मुदत केव्हा संपते, ही माहिती देणारा गावचा गुरुजीही आधारच. गुरुजींनो, तुमचा शाळा सोडून गेलेला विद्यार्थी सुट्टीत भेटला, तर ‘पास झालास का?’ याआधी ‘राहतोस कुठे, जेवतोस कुठे?’ हे विचारा.

त्या मुलाची निजायची सोय जव्हारातच एका वर्गमित्राच्या घरी झाली. भावंडांकडे नि गुरांकडे पाड्यावरची मावशी पाहू लागली. परीक्षेला तो बसला, पासही झाला. बोलतो मात्र अजून कमीच.